जोडीला एक बिल्ला

"एकमेव नको लिहूस गं," असं सासूबाई तिला एकदा म्हणाल्या होत्या. एकदाच. तेव्हा गॅसवर दूध होतं, पोटात ठमी होती आणि कागदावर एक वाक्य नुकतंच जमून आलं होतं: 'त्या आगीतून वाचलेली मी एकमेव.' एकमेवपाशी आवाज जरा टेकेल, समोरची माणसं क्षणभर श्वास धरतील, हे तिला लिहितानाच ऐकू आलं होतं, आणि जमून आलेलं वाक्य मोडायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. "अहो आई, एकमेव म्हटलं की लोक ऐकतात," ती म्हणाली. "ऐकतात ते खरंच," सासूबाई म्हणाल्या, "पण..." आणि दूध उतू गेलं. ओटा पुसण्यात, पातेलं घासण्यात, दूध उतू गेलं त्यात चूक कुणाची ह्याच्या मनातल्या मनात चाललेल्या खटल्यात तो 'पण' कुठे वाहून गेला ते तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आज ही वेळ आली नसती, असं म्हणायची सोय आहे. पण तिला आताशा स्वतःबद्दलच्या असल्या सोयींचाही वैताग यायला लागला होता.

आज म्हणजे, जेवणाच्या टेबलावर कोरा कागद घेऊन ती बसली होती त्या दुपारी. कागदाच्या माथ्यावर तिनं 'स्मारक: अर्थ आणि उगम' असं लिहून खाली रेघ मारली होती, आणि ती रेघ गिरवून गिरवून काठीएवढी जाड केली होती. आगीच्या स्मारक समितीचे सेक्रेटरी येऊन हा लेख मागून गेले होते. ते आले की दारात चपला अशा काढायचे, की मागून दुसऱ्या कुणाला आत येताच येऊ नये. "वहिनी, यंदा स्मरणिका काढतोय. नवा दगड बसतोय ना, त्या निमित्तानं. तुमची दोन पानं हवीत. स्मारक ह्या शब्दाचा अर्थ काय, तो आला कुठून. जरा भारदस्त होऊ द्या. तुमचं काय, भाषेचं शिक्षण, छापखान्यात प्रूफं वाचता, तुमच्या डाव्या हातचा मळ!" डाव्या हातचा मळ म्हणजे काम फुकटात करायचंय, एवढा अर्थ आणि उगम तिला तिथल्या तिथे कळला होता.

बाकी कळत होतं ते असं. स्मृ म्हणजे आठवणं. त्यावरून स्मरण, स्मृती. स्मर म्हणजे आठवण आणि स्मर म्हणजे प्रेमसुद्धा. जुन्या लोकांनी ह्या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द ठेवायची तसदीच घेतली नव्हती. आणि स्मारक म्हणजे आठवायला लावणारा. पालक पाळतो, चालक चालवतो, तसा स्मारक आठवून देतो. म्हणजे हा शब्द आधी काम करणाऱ्याचा. दगडाच्या अंगावर तो पुढे चढला, मोठ्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगावर चढावा तसा. इथवर येऊन ती थांबली आणि तिला हसू आलं, तेही वैतागाचंच. आठवून देतो! मग ह्या घरातलं स्मारक तीच की. नवऱ्याला छत्रीची आठवण, सासूबाईंना गोळ्यांची, ठमीला दात घासायची, शाळेला ठमीला शेंगदाणे चालत नाहीत ह्याची. फक्त तिच्यापुढे वर्षातून एकदा कुणी फुलं आणून ठेवत नव्हतं. आणि आणखी एक: आठवून देणाऱ्यानं स्वतः काही लक्षात ठेवलेलंच असेल असं नाही. दगडाला काय आठवतं? तो दुसऱ्याला कामाला लावतो आणि आपण मोकळा. हे वाक्य बरं होतं. ते लिहून घ्यावं म्हणून तिनं पेन टेकवलं, आणि त्याच वेळी तिच्या कानांना कळलं, की टेबलाखालचा आवाज थांबलाय.

ठमी टेबलाखाली कसलं तरी दुकान मांडून बसली होती. ठमीची बडबड म्हणजे ह्या घरातला चालू असलेला नळ. तो बंद झाला की जीव आधी घाबरतो आणि कारण मग शोधतो. एरवी रात्री तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघणारी ही आई त्या शब्दाच्या मुळाशी बसली होती, आणि तिच्याआधी सासूबाई पोचल्या. गुडघ्यांनी जिना चढवत नाही अशी तक्रार करणारी ती बाई खुर्चीवरून उठली कधी, वाकली कधी, पोरीला पोटावर उलटी घेतली कधी, काहीच दिसलं नाही. दिसला तो ठमीचा निळसर पडत चाललेला चेहरा आणि ऐकू आली ती पाठीवरची थाप आणि सासूबाईंची किंकाळी. "लांबे, धर! लांबे, पाय धर हिचे!" तिनं पाय धरले. थाप, पुन्हा थाप, आणि फरशीवर टप्पा खाऊन एक बटण कपाटाखाली गेलं. नवऱ्याच्या कोटाचं, तपकिरी, चार भोकांचं. मग ठमीचा नळ असा सुटला, की खालच्या मजल्यावरच्यांनी दाराची बेल वाजवून चौकशी केली.

सगळं शांत झाल्यावर, ठमी मांडीवर हुंदके देत पेंगायला लागल्यावर, तिनं पोरीच्या मुठी उघडून पाहिल्या; दुसरं बटण नव्हतं. पण तिला एकच गोष्ट टोचत राहिली. कपाटाखालच्या बटणासारखी, हात पोचत नाही आणि आहे हे विसरता येत नाही.

"आई, लांबी कोण?"

"कोण लांबी?"

"तुम्ही आत्ता मला लांबे म्हणालात."

"घाईत माणूस काय वाट्टेल ते म्हणतं. तुला टेबलावर बटणं टाकून ठेवायला कुणी सांगितलं होतं?"

"मी नाही टाकली. तुमच्या मुलानं कोट काढताना..."

"हां, माझाच मुलगा. चांगलं झालं की तुझा नवरा, वाईट झालं की माझा मुलगा."

हे नेहमीचं होतं, ह्यावर दोघी एरवी हसल्या असत्या. पण सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या, हात मांडीवर जुळवले, आणि खिडकीकडे बघत म्हणायला लागल्या, "त्या दुपारी आकाश निरभ्र होतं. आम्ही सगळ्या जणी गाणी गुणगुणत कामात मग्न होतो. नियतीच्या मनात काय आहे ह्याची कुणाला पुसटशीही कल्पना नव्हती..." शब्द न् शब्द तिचा होता. स्वल्पविरामसुद्धा. दर वर्षी तिनं ते भाषण थोडं घासून, थोडं पुसून दिलं होतं आणि सासूबाईंनी ते पाठ केलं होतं. ज्या बटणांच्या कारखान्यात ती आग लागली त्याच्या जागी आता दुकानांत येणाऱ्यांच्या गाड्या लावतात, त्याच्या कडेला एक चौथरा आणि काळा दगड आहे, त्याच्याशेजारी उभं राहून त्या ते म्हणत. लोक रुमाल काढत. सेक्रेटरी ओळख करून देताना म्हणायचे, "ह्या म्हणजे आपलं चालतंबोलतं स्मारक," आणि सासूबाई मान खाली घालायच्या. तिला ते लाजणं वाटायचं. सून म्हणून, लेखिका म्हणून, कोपऱ्यात बाबागाडी हलवत तिला तेव्हा अभिमान वाटायचा, आणि आता स्वयंपाकघरात, स्वतःचीच वाक्यं सासूच्या तोंडून ऐकताना अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

"आई, भाषण नको. मला सांगा."

"मग काय सांगू?" सासूबाई चिडल्या. "मला आता तेवढंच येतं! आकाश निरभ्र होतं का नव्हतं, मला काय ठाऊक? खिडक्यांना आतून हिरवा रंग फासला होता. बायका बाहेर बघत बसतात म्हणून. सकाळ काय, दुपार काय, सगळं त्या एकाच हिरव्या उजेडात, विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं. तू लिहिलंस निरभ्र. मी म्हटलं, असेल बाई, शिकलेली आहे. आता डोळे मिटले की मलाही निळंच दिसतं. तो हिरवा कुठे जाऊन बसलाय कोण जाणे. आणि गाणी कुणी गायची? तोंडात बटणं धरलेली असायची आमच्या. दोन्ही हात कामात, मग ठेवणार कुठे? तुझ्या पोरीनं केलं ते आम्ही दिवसभर करायचो." त्या थांबल्या. "लांबी पाच पाच धरायची. एकदा हसली आणि एक गिळलं. मी तिला अशीच उलटी केली होती. पाय छताला लागले तिचे."

मग ते सगळं बाहेर आलं. एका दमात नव्हे, पिशवीतून बटणं सांडावी तसं, एक इकडे एक तिकडे, मधेच ठमीला थोपटत, मधेच "दिवे लाव गं" म्हणत. वरच्या मजल्यावर बायका जोडीनं बसायच्या. समोरासमोर दोघी, मधे ताट. एकीनं रंग आणि भोकं बघून निवडायचं, दुसरीनं पुठ्ठ्यावर टाचायचं. जोडीचं काम, जोडीची मजुरी, म्हणून जोडीला एक बिल्ला. पितळी, गोल, दोऱ्यात ओवलेला. सकाळी फाटकावरच्या फळीवरून उचलायचा, संध्याकाळी परत अडकवायचा. एक दिवस हिच्या गळ्यात, एक दिवस तिच्या. वरच्या मजल्याला आग लागली त्या दिवशी तो सासूबाईंच्या गळ्यात होता. दाराशी माणसांचा ढीग झाला होता. भिंतीत उंचावर एक झरोका होता, तिथे लांबीच पोचू शकत होती. तिनं मुठीनं काच फोडली, आधी सासूबाईंना कमरेला धरून वर सारलं आणि मागून स्वतः आली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. "आणि खाली फाटकावर, आत कोणी आहे का, असं कुणी विचारत नव्हतं गं. बिल्ले मोजत होते. वरच्या मजल्याचा एकच खाली आला, माझ्या गळ्यातला. म्हणून वरची एकच वाचली. झाला हिशेब."

"पण मेलेल्यांच्या नावांत..."

"ती नावं ज्याच्या त्याच्या घरच्यांनी येऊन दिली. तिचं होतं कोण? कुठून तरी आलेली, माझ्याच खोलीवर राहायची. मेलेल्यांत नाव द्यायला माणूस नाही, जगलेल्यांत द्यायला बिल्ला नाही. मी दवाखान्यातून उठल्यावर गेले होते मॅनेजरकडे. म्हटलं, आम्ही दोघी होतो. तो म्हणाला, बिल्ले किती? म्हटलं, एक. मग झालं तर, म्हणाला. तिला सांगितलं, तर ती हसत सुटली. म्हणाली, दोघीत एक तर एक. माझा अर्धा तुझ्याकडे राहू दे."

"आणि मग?"

"मग काय? यायची अधूनमधून. तुझ्या नवऱ्याच्या शाळेच्या शर्टांना बटणं तिनंच लावलीत, माझी कधी टिकली नाहीत. कार्यक्रमाचं काय ते मी तिला सांगायची, ती म्हणायची, तू जा, तू बोल, मला उभं राहवत नाही. मी आपलं दोन वाक्यं बोलायची. आग लागली, मी वाचले, बाकीच्या राहिल्या. बस."

"मग यायच्या थांबल्या कधी?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. रागाला उलट बोलता येतं. त्यांनी फक्त बघितलं आणि ठमीच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "बराच काळ झाला."

तिला हिशेब लागायला वेळ लागला नाही, आणि लागल्यावर तो पुसताही येईना. लग्नानंतर ती दोघं वेगळी राहायची. ठमीच्या वेळी दिवस भरत आले तेव्हा ह्या घरात आली. दोन वाक्यांचं चार पानी भाषण झालं ते तेव्हा. त्या वर्षी कार्यक्रम लांबला होता, झाला तेव्हा ठमी बाबागाडीत होती. तापलेलं ऊन, खुर्च्यांच्या मागे ती गाडी हलवत उभी, आणि शेजारी एक उंच म्हातारी. सगळ्यांच्या डोक्यांवरून तिला समोरचं सरळ दिसत होतं. त्या उन्हातही तिच्या डाव्या हातात लोकरी मोजा होता. हे तिनं पाहिलं होतं, कारण ती सगळंच पाहायची. बाळाच्या जवळपास कुणाला खोकला आहे, कुणाची नखं वाढलीत, कुणी उन्हाळ्यात मोजा घातलाय. म्हातारी वाकून गाडीत बघायला लागली आणि तिनं गाडी पाऊलभर मागे ओढली. तो मोजा हवेत तसाच राहिला, मग हळूच मागे गेला. "ह्या तुमच्या कोण?" म्हातारीनं समोर बोट दाखवून विचारलं होतं. "सासूबाई." "छान बोलतात. पूर्वी हिच्या तोंडातून शब्द निघायचा नाही." हिच्या! तिला ते आगाऊपणाचं वाटलं होतं. तेवढ्यात लाउडस्पीकरवरून 'एकमेव' आलं, जसं यायला हवं होतं तसंच, टेकून. माणसांनी श्वास धरला आणि ती त्या शांततेकडे मिटक्या मारत बघत राहिली. वळून पाहिलं तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. गाडीच्या कडेला फक्त मागे वळलेलं झालरीचं टोक कुणीतरी सरळ करून ठेवलं होतं, बाळाच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून.

संध्याकाळी नवरा आला. तिनं आधी बटणाचं सांगितलं, मग तो घाबरून गेल्यावर आणि ठमीला उगाच उचलून घेऊन फेऱ्या मारायला लागल्यावर, लांबीचं.

"लांबीमावशी? हो की! अरे, किती दिवसांत आलीच नाही, नाही का?"

"तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"की ती पण त्या आगीतून वाचलीय?"

"अगं, मला वाटायचं आईची मैत्रीण आहे."

"आणि हाताची बोटं?"

"लहानपणी विचारलं होतं. उंदरानं नेली म्हणाली." तो विचारात पडला. "मग मी पुढं नाही विचारलं."

कपाळाला हात लावावा तर हातात पोळपाट. ह्या माणसांचं करायचं काय? एकीनं सांगितलं नाही, कारण कुणी ऐकलं नाही. एकानं विचारलं नाही, कारण उंदराचं उत्तर पुरेसं होतं. आणि ह्या सगळ्यांत शहाणी, ती, जिनं ऐकायच्या आधीच लिहून टाकलं. तिनं सेक्रेटरींना फोन लावला.

"दगड कोरून झाला, वहिनी. पॉलिशसुद्धा. आरशासारखा दिसतोय, भांग पाडून घ्या त्यात."

"त्यातला एक शब्द बदलायचाय. एकमेव. दोघी वाचल्या होत्या."

पलीकडे चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. "हे आत्ता कुठून काढलंत? आणि शब्द तुमचाच आहे. तुमच्या भाषणातूनच उचललाय आम्ही. जशाच्या तसा."

"म्हणूनच म्हणते. माझा चुकलाय."

"दगडाला खोडरबर नसतो, वहिनी. आणि बघा, आज दुसरी निघाली, उद्या तिसरी निघेल. मग आग लागली होती का इथपर्यंत जातील लोक. बाई असतील, मी कुठे नाही म्हणतो? असू देत, खुशाल असू देत. पण स्मारकात भावना महत्त्वाची."

"भावना कुणाची?"

"लोकांची!" ते म्हणाले, आणि लेख कधी देताय ते विचारून त्यांनी फोन ठेवला.

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत काहीतरी होतं. टेबलावर, त्या जाड रेघेच्या कागदावर त्यांनी ते ठेवलं. काळपट पितळ, कडेला वाकून चेपलेलं. दोरा नवा होता. वेळोवेळी बदललेला असणार. हे घरात होतं आणि तिनं कधी पाहिलं नव्हतं. घरातला प्रत्येक गिळण्याजोगा जिन्नस माहीत असलेल्या तिनं!

"मी येईन कार्यक्रमाला," सासूबाई म्हणाल्या. "उभी राहा म्हणाल तिथे उभी राहीन. पण लांबी भेटल्याशिवाय तोंड उघडणार नाही. स्मारक म्हणता ना मला? मग दगड बोलतो का कधी?" मग आवाज उतरला. "माझे पाय आता पुलापर्यंत जात नाहीत गं. ती पुलापलीकडे असायची. तू जा. मला एकदा तिला अर्धा बिल्ला विचारायचाय, हवाय का म्हणून. ती असेपर्यंत. किंवा मी असेपर्यंत, जे आधी होईल ते."

दुसऱ्या दिवशी ती ठमीला घेऊन पुलापलीकडे गेली. पुलावर वारा होता, ठमीला टोपी नको होती, ठमीला कडेवर नको होतं, ठमीला खालचं पाणी बघायचं होतं. कठड्याच्या गजांतून तिचं डोकं जातं का ह्याचा अंदाज घेत, मनगट आवळून धरत ती चालली. आणि चालताना तो शब्द डोक्यात माशीसारखा. आठवून देणारा, आठवून देणारी. लांबीनं कधी कुणाला काही आठवून दिलं नाही. तिनं फक्त आठवलं असेल, एकटीनं, मोज्यात हात घालून. तिच्यासारख्यांना काय म्हणायचं? जे नुसतं लक्षात ठेवतात आणि कुणाला कामाला लावत नाहीत, त्यांच्यासाठी कुणी शब्द केलाय का? असेल कुठल्या कोशात. तिला आता कोश नको होता. तिला पत्ता हवा होता. लोकरी मोजा घातलेली उंच म्हातारी, म्हणून तिनं किराणावाल्याला विचारलं, औषधवाल्याला विचारलं, आणि शेवटी एका शिंप्याच्या दुकानात शिवणयंत्राचं पायडल थांबलं.

"लांबीबाई? माझ्याकडे काजं-बटणं करायच्या की. आठ बोटांत दहा बोटांचं काम. बटणं तोंडात धरायच्या, मी म्हणायचो, बाई, एखाद दिवशी गिळाल. म्हणायच्या, गिळून झालंय."

"आता कुठे असतात?"

"मागची इमारत पाडली ना, सगळे पांगले. त्या म्हणाल्या, बघते एखादी खोली, उंच दाराची. इथं कपाळाला टेंगूळ यायचं कायम." तो हसला, मग तिच्याकडे नीट बघत म्हणाला, "तुम्ही कोण त्यांच्या?"

"त्यांच्या जोडीदारणीची सून," ती म्हणाली. "बटणांच्या कारखान्यात एका ताटावर होत्या दोघी. ती आग लागली ना, तेव्हाच्या."

"ती आग? छे! चुकताय तुम्ही. त्यात एकच बाई वाचली होती. दर वर्षी पेपरात येतं की. एकमेव." शिंप्यानं तो शब्द नेमका तिच्यासारखाच टेकवला. "लांबीबाईच कात्रण दाखवायच्या मला. म्हणायच्या, वाचा, किती छान लिहिलंय."

पायडल पुन्हा सुरू झालं. ठमीनं दुकानातल्या डब्याकडे हात केला आणि ती दचकून ओरडली, इतक्या जोरात, की शिंप्यानं डब्याला झाकण लावलं. परत येताना पुलावर तिला रडू आलं, तेही धड नाही. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं तसं, म्हणजे कुणी पाहिलं तरी चालण्यासारखं. "आई, ती लांबी हरवली?" ठमीनं विचारलं. "नाही गं." "मग?" तिनं शब्द जुळवून पाहिले. ठेवून विसरली. नाही, ठेवलीसुद्धा नव्हती.

त्या दिवशी दुपारी ठमी झोपल्यावर तिनं तो कागद पुन्हा समोर ओढला. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, डोळे मिटून; हिरवा रंग शोधत असाव्यात. तिनं लेख लिहिला. स्मृ धातू आला, स्मर आला, पालक आणि चालक आले, चौथरा, स्तंभ, छत्री, समाधी सगळे ओळीनं आले. सेक्रेटरींना हवा होता तितका भारदस्त झाला. सेक्रेटरी लेखाचा पहिला परिच्छेद आणि स्वतःचं नाव एवढंच वाचतात हे तिला ठाऊक होतं, आणि स्मरणिका तिच्याच छापखान्यात छापली जाणार होती, प्रूफं तिच्याच हातांखालून जाणार होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं एक परिच्छेद असा लिहिला, की तो वाचून दाखवताना कसा वाटेल ह्याचा विचार केला नाही. लिहून झाल्यावर फक्त सासूबाईंना ऐकवला. त्यांनी डोळे न उघडता एका ठिकाणी अडवलं, मोजा करडा नाही, निळा, म्हणाल्या, तिनंच विणलाय. तिनं 'करडा' खोडून 'निळा' केलं. मग त्या म्हणाल्या, "जाऊ दे आता." तो परिच्छेद असा:

'वाचणाऱ्यांनो, शब्दाचा उगम इथे संपला. आता एक काम सांगते. तुमच्या इमारतीत, गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत एखादी खूप उंच म्हातारी एकटी राहत असेल; दारातून येता-जाता सवयीनं वाकत असेल, दार उंच असलं तरी; डाव्या हातात निळा लोकरी मोजा असेल; तुमच्या मुलाच्या शर्टाचं बटण लोंबताना दिसलं तर तिला राहवत नसेल. तिला नाव विचारत बसू नका. लांबी म्हणा. ती म्हणेल, मला काही नको, सगळं आहे. तरी बसा. दगडावर काय कोरलंय ते तिला वाचून दाखवू नका. ते चूक आहे, आणि ती छान आहे म्हणेल. तिला सांगा, बिल्ला अजून आहे, आणि अर्धा तिचा आहे. हे सगळं मी स्वतः येऊन सांगितलं असतं, पण मला दार माहीत नाही. तुम्हाला कदाचित माहीत असेल. हे पान मिटलंत की उठा आणि ते वाजवा. लगेच उघडलं नाही तर पुन्हा वाजवा, तिला आठ बोटांनी कडी काढायला वेळ लागत असेल. आत कोणी आहे का, एवढं पाहून या.'